दादाचं पथ्य

माझा थोरला भाऊ ओमानमध्ये सहमला पिकअप चालवायचा. त्याच्या अर्बाबचं, म्हणजे अरब मालकाचं, धान्याचं आणि चाऱ्याचं दुकान होतं. बार्लीची पोती, हिरव्या घासाच्या पेंढ्या, पाण्याचे पाइप, क्वचित दोन-चार बकऱ्या, असा माल दादा दुकानातून मळ्यांवर पोचवायचा आणि मळ्यांवरचा खजूर परत आणायचा. नवा एक्स्प्रेसवे तेव्हा अजून खोदत होते, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या जुन्या हायवेवर सगळी गर्दी असायची. त्या रस्त्यावरचं एकेक वळण दादाला तोंडपाठ होतं. गाडी चालवण्यापलीकडे त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि तो ते लपवायचाही नाही. दहावीला नापास झाल्यावर तो आधी मुंबईला आणि मग इकडे आला. त्यानं पाठवलेल्या पैशांवर मी बीएस्सी झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. मस्कतमध्ये पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी, अल हैलला फ्लॅट, बायको, एक मुलगी. हे मी मिरवतो असं कोणी म्हणालं तर म्हणू दे. मिरवण्यासारखंच आहे ते. पण त्यातलं निम्मं दादाचं आहे, हेही मी तितक्याच मोठ्या आवाजात सांगतो.

त्या हिवाळ्यात एका सकाळी त्याचा फोन आला.

"बाबू, तुज्या पोरीच्या रांगोळीच्या डब्यात गेरू असंल ना? येत्या शुक्रवारी येशील तवा घेऊन ये."

"गेरू कशाला?"

"नागीन झालीय. डाव्या बगलेतनं निगाली, आता छातीवर आलीय. तोंड अन् शेपूट जुळायच्या आत लिंपायला पायजे."

किती दिवस झाले, विचारलं तर म्हणाला, "आठवडा झाला असंल." मी रजा टाकून त्याच दिवशी गेलो, पण गेरू नेला नाही. त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. रस्त्यात समजावलं की नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू, तो नसेत दडून बसतो आणि म्हातारपणी किंवा अशक्तपणात त्या नसेवरून बाहेर येतो. ती अंगाच्या एकाच बाजूला राहते, वळसा घालून तोंड-शेपूट जुळत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू पुस्तकातलं सांगतोस. आपल्या वाडीतला सुतार कशानं गेला?"

सुतार कशानं गेला ते मला माहीत नव्हतं. हॉस्पिटलमधली डॉक्टर केरळची होती. ती म्हणाली, पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असता तर औषधाचा जास्त उपयोग झाला असता. आता देते, पण बघू.

फोड सुकले, खपल्या पडल्या, दुखणं मात्र गेलं नाही. डाव्या छातीवर, स्तनाच्या वरच्या अंगाला, तळहाताएवढी जागा आणि तिथून बगलेखाली पाठीकडे गेलेला एक पट्टा. वरून बघितलं तर नुसते फिकट डाग. दादा म्हणायचा, "खाजकुयरी लावायची आन् वर इस्तव ठेवायचा, तसं हाय." बोटानं जोरात दाबलं तर चालायचं, पण बनियनचा धागा नुसता घासला तर त्याच्या डोळ्यात पाणी यायचं. त्यानं आइस्क्रीमचा रिकामा डबा कापून त्याची वाटी केली, तिला नाड्या लावल्या आणि शर्टच्या आत छातीवर बांधायला लागला, म्हणजे कापड अंगाला लागू नये. त्याच्या खोलीत आमच्या रत्नागिरीच्या खाडीकडचे एक चाचा राहायचे, त्याच दुकानात गल्ल्यावर बसायचे. ते म्हणायचे, "काय भाई, चिलखत घालून कुठल्या लढाईला निघालात?"

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. इकडे ड्रायव्हरची सीट डावीकडे. सीटबेल्ट डाव्या खांद्यावरून येतो आणि छाती ओलांडून उजव्या कमरेला जातो. नेमका त्या जागेवरून. बेल्ट न लावता हायवेवर गाडी नेली की पोलिस सोडत नाहीत. मग दादा उजव्या हातानं स्टेअरिंग धरायचा आणि डाव्या हाताचा अंगठा बेल्टखाली घालून तो छातीपासून उचलून ठेवायचा. असा तो भरलेली पिकअप सहमपासून सोहारपर्यंत न्यायचा.

हॉस्पिटलनं नसांच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी आग जरा कमी व्हायची, पण झोप यायची. भर सकाळी डोळे मिटायचे. गोळी घ्यावी तर गाडी चालवता येत नाही, न घ्यावी तर बेल्ट लावता येत नाही. त्याची मुलगी तेव्हा चिपळूणकडे नर्सिंगला होती, अजून दोन वर्षं बाकी. दादाचं एकच म्हणणं होतं, "ती पास होईस्तवर माज्या हातात स्टेअरिंग पायजे. मग हाताला काय बी होऊ दे." मी म्हटलं, पोरीची फी मी भरतो. त्यानं नुसतं बघितलं माझ्याकडे. मी परत तो विषय काढला नाही.

चिनी डॉक्टरचं माझ्याच लॅबमधल्या एका ओमानी सहकाऱ्यानं सुचवलं. त्याची आई गुडघ्यांसाठी तिथं जायची. मी सायन्सवाला. सुयांनी नस कशी बरी होते हे मला कोणी पटेल असं सांगितलेलं नाही, अजूनही नाही. पण सुईनं झोप येत नाही, एवढं एक त्यात मला दिसलं. म्हटलं, चला.

क्लिनिक मस्कतमध्येच, वादी अदाईच्या बाजूला, एका फार्मसीच्या वरच्या मजल्यावर होतं. बाहेरच्या खोलीत अंगभर काळ्या अबायातल्या म्हाताऱ्या बायका, एक कंबर धरून बसलेला, पायघोळ दिशदाशातला माणूस, आणि कसली तरी पाला जाळल्याचा वास येणारी हवा. दादा म्हणाला, "गोठ्यात धूर केल्यागत वास हाय." एवढ्यावरच त्याची अर्धी भीती गेली.

डॉक्टर पन्नाशीची बाई, बुटकी, केस बारीक कापलेले. इंग्रजी तुटक बोलायची, मी मराठीत दादाला सांगायचो. तिनं डागांवर हात न लावता नुसतं वरून बोट फिरवलं आणि म्हणाली, आमच्याकडे पण ह्याला सापच म्हणतात, कमरेभोवती फिरणारा. मग सुया घेतल्या, केसासारख्या बारीक. त्या दुखऱ्या जागेत टोचल्याच नाहीत. जागेच्या कडेकडेनं, कुंपण घालावं तशा लावत गेली. वर तांबडा दिवा लावला, आणि जळत्या पाल्याची कांडी पायाजवळ धरली.

दादा उताणा पडल्या पडल्या माझ्याकडे बघून म्हणाला, "बगितलंस? कोंडली तिला. गेरूनं काय करतात? हेच करतात. तुला पटत नव्हतं."

मी म्हटलं, "दादा, गप पड."

उठल्यावर त्यानं शर्ट घालायच्या आधी विचारलं, "पथ्य काय, ते विचार."

मी विचारलं. ती म्हणाली, थंड नको. बर्फ नको, फ्रीजचं पाणी नको, कोमट प्यावं. एसीचा वारा थेट त्या जागेवर घेऊ नये. बाकी सगळं खावं. आणि हॉस्पिटलच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, तिकडच्या डॉक्टरला विचारून कमी करा. हे शेवटचं तिनं दोनदा म्हटलं. मी शब्द न् शब्द दादाला सांगितला.

"मासं?" दादानं विचारलं.

"खा म्हणते."

"आंबट?"

"खा."

खाली पायऱ्या उतरताना त्याचा चेहरा पडला होता. "बाई हुशार हाय," तो म्हणाला, "पन पथ्य न सांगनाऱ्याच्या औषदाला गुन यायचा कसा?"

आमच्याकडचं हे जुनं आहे. वैद्य आला की लोक औषध नंतर विचारतात, आधी पथ्य विचारतात. औषध काय, कुणीही देईल. पथ्य पाळायचं आपल्याला असतं. जेवढं कडक पथ्य तेवढा वैद्य मोठा. आईला कावीळ झाली तेव्हा तिनं सहा महिने तेल तोंडात घातलं नव्हतं, आणि बरी झाली ती तेलावाचूनच झाली असं शेवटपर्यंत सांगायची. दादा त्याच आईचा मुलगा. बाईनं सांगितलं नाही ते पथ्य त्यानं स्वतःच ठरवलं, हे मला फार पुढे कळलं.

दर शुक्रवारी मी सहमला जाऊन त्याला आणायचो, क्लिनिकमध्ये न्यायचो, घरी जेवायला घालायचो आणि परत सोडायचो. आमच्याकडे सुरमई केली की तो नुसता भात-आमटी खायचा. बायको म्हणाली, "भावोजी, तुमच्यासाठी आणली मुद्दाम." तर म्हणे, "राहू दे, सद्या मन होत नाय." कोकणातल्या माणसाचं माशावरून मन उडालं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती असं कोणी म्हणेल. मला वाटलं दुखण्यानं तोंडाची चव गेली. माझी मुलगी इंग्रजीत विचारायची, काका एवढा घामाघूम का? तो आमच्या हॉलमध्ये एसीपासून लांब, गॅलरीच्या दाराशी बसायचा. बाईनं दिलेली तपकिरी पूड कोमट पाण्यात ढवळून प्यायचा. एकदा मी बोट लावून चाखली. काडेचिराईतासारखी कडू.

आणि गुण आला. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढं जे झालं त्यात लोक हे विसरतात. एका शुक्रवारी तो म्हणाला, मी रात्री सलग झोपलो. पुढे एकदा शर्टच्या आतला डबा नव्हता. आणि एप्रिलमध्ये कधीतरी, मी सहमला पोचलो तेव्हा तो दुकानासमोर पिकअप लावत होता. त्यानं मला हाक मारली, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून दाखवले. बेल्ट छातीवर आडवा होता. खाली अंगठा घातलेला नव्हता.

"बग," तो म्हणाला. "बग की."

मी बघितलं. गल्ल्यावरून चाचा ओरडले, "दाखवून झालं असेल तर पोती उतरवा भाई, गिऱ्हाईक उभं आहे!"

तो गुण सुयांचा, की पुडीचा, की नस आपली आपण शांत होत होती, मला सांगता येणार नाही. नागिणीचं दुखणं काही जणांचं काही महिन्यांत आपोआपही उतरतं. दादाला मात्र पक्कं माहीत होतं. गुण पथ्याचा होता.

मे संपता संपता चाचांचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हणाले, "एक सांगू का, राग मानू नका. तुमचा भाई गाडीचा एसी लावत नाही. काचा पण वर. वारा लागेल म्हणतो. खोलीत पण माझ्या एसीवरून रोज भांडण. आणि पाणी पितो ते उकळलेलं. ह्या दिवसात, सांगा मला, अल्ला की कसम, गाडीत बसलो तर मला भट्टीत बसल्यासारखं झालं."

बातिनाच्या ह्या किनारपट्टीवरचा जूनच्या तोंडाचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. समुद्राची वाफ आणि वरून ऊन. बंद गाडीच्या स्टेअरिंगला हात लावला तर चटका बसतो.

मी तिथल्या तिथं दादाला फोन लावला.

"एसी का लावत नाहीस?"

"तीच म्हनाली ना थंड नको."

"थेट छातीवर नको म्हणाली! जाळी दुसरीकडे फिरव. काच खाली कर निदान."

"काच खाली केली की वारा कुटं लागतो? त्याच जागेला. डावीकडनं येतो वारा."

"आणि गोळ्या?"

तो पलीकडे कुणाला तरी पोती मोजायला सांगायला लागला.

"दादा, गोळ्या?"

"दोन औषदं एकत्र चालत नायत. इंग्लिश घेतलं की झाडपाल्याचा गुन जातो. कुनाला बी विचार."

"ती स्वतः म्हणाली बंद करू नकोस! मी सांगितलं तुला, दोनदा!"

"तिला सांगावं लागतं तसं. परवान्याचा कागद भिंतीवर लावलाय ना तिच्या." मग त्याचा आवाज मऊ झाला. "बाबू, तू लय शिकलास. पन अंग माजं हाय. बेल्ट लागतो की नाय मला? लागतो. मग? जे चाललंय ते मोडू नको. दोन वर्सं, बस."

मी ओरडलो, तोही ओरडला. शेवटी म्हणाला, "बरं, लावतो एसी. खलास." मी विश्वास ठेवला, कारण आमच्यात त्यानं मला कधी खोटं सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये एका दुपारी तो घासाच्या पेंढ्या घेऊन एका मळ्याकडे चालला होता. हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागला आणि तिथं त्याची शुद्ध गेली. गाडी सरळ जाऊन मळ्याच्या मातीच्या भिंतीत घुसली. भिंतीपलीकडे बकऱ्यांचा गोठा होता, तीन-चार बकऱ्या मेल्या. माणूस कोणी नव्हता. मळ्याच्या बंगाली मजुरांनी दार उघडलं तेव्हा आतून आलेल्या झळेनं ते मागे सरकले, असं त्यांनी चाचांना सांगितलं. काचा बंद होत्या. एसीचं बटण बंद होतं. बेल्ट लावलेला होता, नीट, छातीवरून, आणि त्यानंच तो वाचला.

उष्माघात. हॉस्पिटलमध्ये त्याला बर्फाच्या पिशव्या लावल्या, थंड सलाईन दिलं. दोन दिवस तो भ्रमात होता आणि भ्रमातही अंगावरची ओली चादर ढकलून देत होता, "थंड नको, थंड नको" म्हणत. शुद्धीवर आला तसं दुखणंही आलं, पहिल्यासारखं, उलट पहिल्यापेक्षा जास्त. नर्सनं गाऊनची नाडी बांधली की तो दात आवळायचा. मी बाजूला बसलेला असायचो. त्यानं एकदाच म्हटलं, "त्यांनी बर्फ लावला. म्हनून उलटलं." मला राग आला. अजून येतो. पण त्या माणसाला मी तेव्हा काही बोललो नाही, कारण त्याच्या डोळ्यात राग नव्हता, हिशोब लागल्याचं समाधान होतं, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं.

मी चिनी बाईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी असं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मला माहीत आहे. ती म्हणाली, बरा झाला की परत आणा. मी हो म्हटलं.

डिस्चार्जनंतर अर्बाबनं बोलावलं. म्हातारा माणूस, चांगला. मजलिसमध्ये, म्हणजे घरच्या बैठकीत, बसवलं, स्वतःच्या हातानं कहवा ओतला, खजुराचं ताट पुढं केलं. बकऱ्यांचं त्यानं मळेवाल्याशी मिटवलं होतं, त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

"तुम मेरा भाई जैसा है," तो दादाला म्हणाला. "इतना साल. लेकिन अब गाडी नहीं. रस्ते में बच्चा लोग रहता है."

"अर्बाब, एसी लगाएगा मैं," दादा म्हणाला. "गोली भी खाएगा."

"गोली खाएगा तो सोएगा."

"नहीं सोएगा."

अर्बाबनं नकारार्थी मान हलवली.

"तो दुकान में रखो. बोरी उठाएगा." हे म्हणताना दादानं सवयीनं डावा हात छातीपाशी नेला, शर्ट अंगापासून धरून ठेवायला. म्हाताऱ्यानं तो हात बघितला, मग माझ्याकडे बघितलं. इंग्रजी शिकलेला भाऊ म्हणून माझ्याकडे, की आता तू सांग ह्याला. मी मान खाली घातली.

"घर जाओ," अर्बाब म्हणाला. "आराम करो. इन्शाल्ला ठीक होगा, फिर आओ. व्हिसा मैं देगा."

पन्नाशी उलटलेल्या ड्रायव्हरचा कॅन्सल झालेला व्हिसा परत लागत नाही. हे तिथल्या तिघांनाही ठाऊक होतं. दादानं कहव्याचा पेला हलवून पुरे झाल्याची खूण केली, तशी इथली रीत आहे, आणि उठला.

मग त्याचं सामान बांधलं. चाचांनी त्याच्यासाठी बांगड्याचं सुकं केलं होतं. दादानं ताटाकडे बघितलं, म्हणाला, "आता काय," आणि दोन बांगडे खाल्ले. चाचा बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

विमानतळावर मीच नेलं त्याला. निघताना तो सवयीनं माझ्या गाडीच्या डाव्या दाराशी गेला, थांबला, आणि पुढून वळसा घालून उजव्या बाजूला आला. आतापर्यंत शुक्रवारी मी त्याला आणायचो तेव्हा तो नेहमी मागच्या सीटवर आडवा बसायचा, बेल्टची भानगड नको म्हणून. आज मागं बॅगा होत्या. तो पुढं बसला. आत बसल्यावर बेल्ट हातात घेऊन कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.

"धर, मी लावतो," मी म्हटलं.

"नको."

त्यानं डोळे मिटले आणि बेल्ट ओढला. तो उजव्या खांद्यावरून आला, छातीच्या मधून खाली उतरला आणि डाव्या कमरेला लागला. दुखऱ्या जागेला त्यानं स्पर्शही केला नाही. दादानं डोळे उघडले. खाली बघितलं. शर्टावरून बोट फिरवून कुठून कुठं जातो ते तपासलं.

बरका गेलं, सीब आलं. बाहेर खजुरांच्या रांगा, पेट्रोल पंप. मी एसी त्याच्याकडची जाळी बंद करून अगदी बारीक ठेवला होता.

"ह्या बाजूला लागतच नाय रे," तो म्हणाला.

मी रस्त्याकडे बघत राहिलो.

"आपल्याकडं," थोड्या वेळानं तो म्हणाला, "ड्रायव्हर ह्याच बाजूला बसतो ना?"

"हो."

गावाकडे त्याला कोणी गाडी देणार नाही, त्याच्याकडे तिथलं लायसन्सही नव्हतं, आणि दुखणं चोवीस तास होतंच, फक्त बेल्टपुरतं नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. त्यालाही असणार. विमानतळाचा फाटा आला तेव्हा त्याचे दोन्ही हात वर आले होते, समोर काही नसताना, स्टेअरिंगवर ठेवावेत तसे. मग त्यानं ते मांडीवर ठेवले.